गुळाचा अर्धा खडा

पवनीच्या घाटाकडे जाणाऱ्या गल्लीत नंदनवारांचं घर होतं. त्या घरात पूजा झाल्याशिवाय कुणाच्या घशाखाली पाणीसुद्धा उतरत नसे. पूजा झाली की सगळ्यात आधी तोंडात जायचा तो गूळ. हेमलताबाई नैवेद्याच्या वाटीतला एक खडा घनश्यामरावांपुढे धरायच्या. ते त्यातला अर्धा दातांनी तोडायचे आणि उरलेला अर्धा त्यांच्या तळहातावर ठेवायचे. तो तोंडात टाकून डोळे मिटले की हेमलताबाईंचा दिवस उजाडायचा.

लग्नानंतर महिन्याभरातच घनश्यामराव मेंदूज्वरानं बेशुद्ध पडले होते. तेव्हा घाटावरच्या महादेवापुढे त्यांनी पदर पसरला होता, 'ह्यांचं जे दुखणं असेल ते आधी मला दे.' नवरा उठून बसला, आणि त्या सकाळपासून हा नेम सुरू झाला. बाळंतपणात चुकला नाही, सासूबाई गेल्या तेव्हा सुतकात देवाला नैवेद्य नव्हता तरी खडा चुकला नाही.

"आई, अजूनही बाबांचं उष्टं खातेस?" ऋजुता म्हणाली. ती नागपूरला नोकरीला होती आणि चार दिवसांच्या सुट्टीवर आली होती.

"उष्टं नाही, प्रसाद आहे तो."

"बाबांनी चावलेला प्रसाद."

घनश्यामराव हसले. "तुही माय मले तेवढंच तर मानते. दिवसभर मग माहं काहीच ऐकत नाही." मग ते स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "आज भाजीत तिखट घालू नको वं. नाही सोसत आताशा."

झणझणीत सावजी रस्सा ओरपणारा हा माणूस वर्षभरापासून फिकं वरण मागत होता. भाकरी कुसकरून लहान लहान घास घेत होता. हेमलताबाईंना वाटायचं, वय झालं तसा जीव सात्त्विकाकडे वळतो आहे, आणि त्या मनातल्या मनात महादेवाला हात जोडायच्या. तंबाखू-सुपारीचा खर्रा तर घनश्यामरावांनी ऋजुता झाली तेव्हाच सोडला होता. त्यांच्या कोसा रेशमाच्या साड्यांच्या दुकानात दारावरच पाटी होती, 'खर्रा खाऊन आत येऊ नये.' गावात त्या पाटीची चेष्टा व्हायची आणि हेमलताबाईंना तिचा अभिमान वाटायचा.

त्याच सकाळी चौकात मुखवेधची गाडी आली होती.

विदर्भात त्या काळी उन्हाळा पन्नाशीला टेकला होता आणि तोंडाच्या कॅन्सरनं घरंच्या घरं रिकामी केली होती. मुखवेध हे लाळ तपासणारं यंत्र आल्यापासून मात्र बायोप्सी, दुर्बीण, डॉक्टरांची बोटं हे सगळं मागे पडलं होतं. नळीत चमचाभर थुंकायचं, बास. आजार पुढच्या दोन वर्षांत होणार असेल तर आज कळायचं. गावातले लोक त्याला थुक्याचा जोतिषी म्हणायचे.

"तुम्हीपण चला ना जी," हेमलताबाई म्हणाल्या.

"माह्या तोंडातून शिव्या सोडून काही निघणार नाही. मशीन लाजून बंद पडंल. जा तू."

चाचणी सक्तीची नव्हती. त्या एकट्याच गेल्या. गाडीतल्या नर्सनं विचारलं, "काकू, सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं?"

"नाही बाई. आज सोमवार, उपास आहे."

त्यात खोटं काही नव्हतं. प्रसाद खाण्यात धरत नाहीत.

*

बोलावणं आलं तेव्हा त्यांना वाटलं, कार्डात नाव चुकलं असेल. नागपूरच्या केंद्रात त्यांची लाळ पुन्हा घेतली, मग आणखी एकदा. दोन्ही वेळा मुक्काम केंद्राच्या धर्मशाळेत होता. पिशवीत छोटा महादेव, गुळाची डबी आणि निरांजन असायचंच. घनश्यामराव बरोबर होते, त्यामुळे नेम मोडायचा प्रश्नच आला नाही.

तिन्ही वेळा यंत्रानं तेच सांगितलं.

डॉक्टर वैरागडे पन्नाशीच्या आतले होते, आणि रोग्याशी बोलताना खुर्ची टेबलाच्या मागून पुढे ओढून घ्यायचे. "ताई, आपल्या तोंडाचं आतलं अस्तर सारखं झडत असतं," ते म्हणाले. "झडलेल्या पेशी लाळेत उतरतात. प्रत्येक पेशीच्या आत एक लांबलचक मजकूर असतो. तंबाखूनं, सुपारीनं, कधी काहीच कारण नसताना त्या मजकुरातली अक्षरं बिघडतात. थोडी बिघडली तर चालतं. ठरावीक अक्षरं ठरावीक क्रमानं बिघडली की ती पेशी कॅन्सरच्या वाटेला लागली म्हणून समजायचं. हे यंत्र लाखो पेशींमधल्या अशा चार पेशीसुद्धा हुडकून काढतं. त्या जिभेच्या कडेच्या की गालाच्या, हेही सांगतं, कारण पेशीवर तिच्या जागेची खूण असते."

"माझ्या कुठल्या?"

"जिभेच्या कडेच्या. डावी की उजवी ते लाळ सांगत नाही. पण तुमच्या डाव्या कडेला एक पुसट पांढरी रेघ आहे."

"तिथं दाढेचं टोक लागतं, डॉक्टर."

"असेलही. आम्ही तिथले दोन तुकडे काढून तपासले. स्वच्छ निघाले."

घनश्यामराव एकदम पुढे सरकले. "मंग झालं ना! स्वच्छ आहे तर काहून कापता?"

डॉक्टरांनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "दुधाला विरजण लावल्यावर लगेच चमचा बुडवून पाहिलं तर काय दिसतं? दूधच. सकाळी पातेलं उघडलं की कळतं. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बसवाहक होते. त्यांनाही यंत्रानं असंच सांगितलं होतं. तुकडा स्वच्छ निघाला, मी म्हणालो, थांबू. ते आठ महिन्यांत गेले. तसे अकरा जण झाले देशभरात. प्रत्येक वेळी यंत्र खरं ठरलं आणि आमचे डोळे खोटे. आता आम्ही थांबत नाही."

"लाळ दुसऱ्या कुणाची तर नाही ना?" हे ऋजुतानं विचारलं. "नळ्या बदलल्या असतील."

"नळ्या बदलणं शक्य नाही, त्यांच्यावर कुलूप असतं. बाकी लाळेतून माणूस ओळखायला कायद्यानं बंदी आहे. मागे विमा कंपन्यांनी लोकांचे मजकूर चोरले, तेव्हापासून यंत्र वाचायच्या आधीच ओळखीची सगळी अक्षरं पुसून टाकतं. बाई की पुरुष, तेवढंसुद्धा राहत नाही. फक्त रोग उरतो."

हेमलताबाई खाली बघत होत्या. श्रावणात गल्लीतल्या बायका त्यांच्याच तोंडून पोथी ऐकायला जमायच्या. आवाज मोठा नव्हता, पण प्रत्येक अक्षर धुतलेल्या तांदळासारखं वेगळं पडायचं. त्यांनी हळूच विचारलं, "बोलता येईल ना?"

"अर्धी जीभ काढावी लागेल. मनगटाजवळची कातडी रक्तवाहिनीसकट उचलून तिथं जोडतो. मानेतल्या गाठीही काढतो. शब्द राहतील, ताई. धार जाईल."

धर्मशाळेत परत आल्यावर त्या बराच वेळ महादेवापुढे बसल्या. भीती तर होतीच. पण भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, ज्याला आनंद म्हणायची त्यांना लाज वाटली. ह्यांचं दुखणं आधी मला दे, असं रोज म्हणत आले. कधी ना कधी ह्यांना होणारं काहीतरी देवानं माझ्याकडे वळवलं असेल. मागितलं तेच मिळालं, मग आता हात कसा मागे घ्यायचा?

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

घनश्यामराव आरशापुढे उभे होते. तोंड जेमतेम दोन बोटं उघडलेलं, जीभ बाहेर काढायची धडपड. त्या दिसताच त्यांनी ओठ मिटले.

"काय झालं जी?"

"गूळ अडकला दातात."

मग ते येऊन शेजारी बसले, हेमलताबाईंचा हात हातात घेतला, आणि धाय मोकलून रडले. इतकं रडणं त्यांनी नवऱ्याचं कधी पाहिलं नव्हतं. "तू कशाले मागतलं वं देवाले? कशाले मागतलं?" एवढंच ते म्हणत राहिले. हेमलताबाईंना वाटलं, ह्यांनाही कळलंय तर. त्यांनी नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला होकार दिला.

*

ऑपरेशनला सगळा दिवस लागला. शस्त्रक्रियेच्या यंत्राचे बारीक हात डॉक्टरांच्या बोटांपेक्षा स्थिर होते. डाव्या मनगटावरची कातडी जिभेला जोडली गेली आणि मांडीवरची मनगटाला. शुद्धीवर आल्यावर हेमलताबाईंना तोंडात कुणीतरी ओला रुमाल कोंबल्यासारखं वाटलं. नाकातून नळी होती. त्यांनी मनात नामावळी सुरू केली आणि जीभ सवयीनं हलायला गेली. अर्धीच हलली. उरलेली अर्धी नुसती बसून राहिली, परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखी.

तोंडानं काही घ्यायचं नव्हतं. पण नेम होता. रोज सकाळी खाटेशेजारच्या कपाटावर महादेव मांडून घनश्यामराव गुळाचा खडा अर्धा तोडायचे, उरलेला अर्धा चमचाभर पाण्यात विरघळवायचे आणि त्यात बोट बुडवून बायकोच्या ओठांना लावायचे.

आठवड्यानं डॉक्टर वैरागडे आले ते एकटेच, मागे विद्यार्थ्यांचा घोळका नव्हता. चेहरा असा की ऋजुता बसली होती ती उठून उभी राहिली.

"काढलेल्या भागाचा अहवाल आला," ते म्हणाले. "आम्ही त्याच्या बारीक चकत्या केल्या. एकही सोडली नाही. मानेतल्या गाठीही पाहिल्या. काही सापडलं नाही."

"म्हणजे सगळं निघालं?" ऋजुतानं विचारलं.

"म्हणजे तिथं काही नव्हतंच."

घनश्यामरावांना काय करावं सुचलं नसावं, कारण त्यांचा हात आपोआप पुढच्या कामाला लागला. वाटीतला खडा उचलला, दातांनी तोडला, उरलेला अर्धा चमच्यात टाकला, बोट बुडवलं आणि ओठांकडे नेलं.

"हे काय करताय?" डॉक्टरांनी विचारलं.

"तोंडात नाही जी घालत, नुसतं ओठाले. प्रसाद आहे."

"तुम्ही तो तोंडानं तोडलात."

"हो. तसाच नेम आहे हिचा. रोजचा."

"रोजचा?" डॉक्टरांचा आवाज एकदम खाली गेला. "कधीपासून?"

"लग्नापासून," ऋजुता म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा हात स्वतःच्या तोंडावर गेला.

"ताई." डॉक्टर खाटेजवळ आले. "लाळ दिली त्या दिवशी सकाळी? तिन्ही दिवशी?"

हेमलताबाईंनी मान हलवली. हो.

"नर्सनं विचारलं नव्हतं, काही खाल्लं का?"

त्यांनी पुन्हा मान हलवली, आणि मग हातानं खूण केली. खाल्लं नव्हतं. प्रसाद घेतला होता. डॉक्टरांच्या डोळ्यांत काहीतरी विझताना त्यांना दिसलं.

डॉक्टर सावकाश वळले. "घनश्यामराव, तोंड उघडा."

"मले काय झालं?"

"उघडा."

तोंड दोन बोटांच्या वर उघडेना. गाल आतून पांढरे आणि ताठ झाले होते, वाळलेल्या चामड्यासारखे. डॉक्टरांनी मोबाईलचा उजेड धरला, चमच्याच्या दांड्यानं जीभ बाजूला सारली. उजव्या कडेला मागच्या बाजूला, सहज न दिसणाऱ्या जागी, कडा उचललेला एक व्रण होता. मग त्यांनी जबड्याखाली मानेवर बोटं फिरवली. बोटं एका जागी थांबली आणि तिथंच राहिली.

"किती दिवस झाले?"

"वर्ष झालं असंल."

"खर्रा?"

घनश्यामरावांनी पलंगाकडे पाहिलं नाही. "दुकानाच्या मागच्या खोलीत. कापडाच्या थानाच्या मागं डबा हाय. दिवसातून दोनदा, मंग तीनदा. लवंग चघळून घरी जात होतो."

"बाबा, वर्षभर तोंडात जखम आहे आणि तुम्ही..." ऋजुतानं त्यांचा दंड धरला. "आईला जिभेचं निघालं तेव्हा तरी सांगायचं!"

"तवाच तर नाही सांगतलं," ते ओरडल्यासारखं म्हणाले, आणि मग आवाज फुटला. "मले वाटलं, देवानं हिचं ऐकलं. रोज म्हणते ना, ह्यांचं मले दे. माही उजवीकडं होती, हिची डावीकडं निघाली. आरशात दिसते तशी. मले वाटलं, माहं तिकडं गेलं. त्या दिवसांत माही आगसुद्धा कमी झाली होती, देवाशपथ. मंग मी कसं सांगू? सांगतलं तर ही म्हणंल, बरं झालं. ही बरं झालं म्हणंल, डॉक्टर! ते मले ऐकवलं नसतं."

हेमलताबाई त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांना म्हणायचं होतं की मीही तेच समजले होते. जीभ उचलली, आणि बाहेर आला तो नुसता ओला, जाड आवाज. कुणालाच कळला नाही.

डॉक्टर खुर्चीवर बसले. "तुमच्या पेशी होत्या त्या," ते घनश्यामरावांना म्हणाले, पण बोलत होते ते स्वतःशीच. "यंत्र चुकलं नाही. त्याला कुणाच्या ते विचारायची सोय नव्हती, आणि मी विचारलं नाही. तुकडा स्वच्छ होता. दाढेचं टोक लागतं, असं त्यांनी मला सांगितलंही होतं."

*

दुसऱ्या दिवशी दोघांचीही लाळ घ्यायची ठरली. डॉक्टर वैरागडे सकाळी स्वतः आले. ऋजुता गुळाची डबी उचलून बाहेर नेऊ लागली, तेव्हा हेमलताबाईंनी तिला खुणेनं थांबवलं. एक खडा काढून घेतला, देवापुढच्या वाटीत ठेवला, हात जोडले. खडा अख्खाच राहिला. थोड्या वेळानं वाटीच्या कडेनं एक मुंगी चढली.

हेमलताबाईंच्या लाळेत काही सापडलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच ती फक्त त्यांची होती. घनश्यामरावांच्या लाळेतल्या मजकुरावर बोट ठेवून डॉक्टरांनी दाखवलं, की तीन नळ्यांमधली ती बिघडलेली अक्षरं, तोच क्रम, इथं होता. तेव्हा मात्र ती थोडी होती. आता सगळं पान त्यांनीच भरलं होतं.

"पहिल्या नळीच्या वेळी ह्यांना आणलं असतं तर?" ऋजुतानं विचारलं.

डॉक्टरांनी लपवलं नाही. "तर ह्यांची जीभसुद्धा अर्धीच गेली असती. आणि हे राहिले असते."

चौकशी झाली. समितीनं लिहिलं, की यंत्र निर्दोष आहे, नमुना घेण्याच्या पद्धतीत त्रुटी होती. डॉक्टरांनी समितीपुढे स्वतःचं नाव पहिलं घातलं, त्यानं कुणाचं काही परत आलं नाही. एक मात्र बदललं. मुखवेधच्या गाड्यांमधल्या नर्सेस आता प्रत्येकाला एका दमात विचारतात, "काही खाल्लं? प्रसाद? तीर्थ? कुणाचं उष्टं?" लोक हसतात. पवनीत कुणी हसत नाही.

घनश्यामरावांचा अर्धा जबडा आणि जवळजवळ सगळी जीभ काढावी लागली. तरी मानेत, मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून, थोडं राहिलंच. तिथपर्यंत सुरी नेता येत नाही, आणि यंत्राचे हातही पोचत नाहीत. पहिल्याच पावसाळ्यात ते पुन्हा वाढायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या. मी येत जाईन." आणि ते खरोखर येत राहिले, पंधरा दिवसांतून एकदा, नागपूरहून बसनं. औषध देऊन झालं तरी थोडा वेळ ओसरीवर बसायचे. हेमलताबाई चहा ठेवायच्या. तो घोट घोट पिऊन डॉक्टर उठायचे.

दुकानातली पाटी ऋजुतानं काढून टाकली. थानांमागच्या डब्यात खर्ऱ्याची प्लॅस्टिकची पन्नी, चुन्याची डबी आणि हेमलताबाईंच्या सासऱ्यांचा पितळी अडकित्ता निघाला. पन्नी तिनं जाळली. अडकित्ता हेमलताबाईंनी चिंचेनं घासून लख्ख केला आणि देवघरात ठेवला. ऋजुता चिडली, "ही वस्तू देवाजवळ?" त्यांनी अडकित्ता तिथंच राहू दिला. बोलायला आता वेळ लागायचा. 'र' आणि 'ळ' घसरायचे. गल्लीतल्या बायकांनी श्रावणात विचारलं, "हेमलताबाई, बसता का पोथीला?" त्या बसल्या. धार नव्हती, अक्षरं एकमेकांना चिकटत होती. तरी बायका शेवटपर्यंत ऐकत बसल्या. कुणीकुणी पदरानं डोळे टिपले. ते त्यांना आवडलं नाही.

आज सकाळी पूजा झाली. घनश्यामराव खाटेवर उशाला टेकून बसले होते. मानेला पट्टी, पोटाला नळी. आवाज राहिलाच नव्हता. हेमलताबाईंनी नैवेद्याचा खडा अडकित्त्यात धरला आणि दाबला. कट् करून दोन सारखे तुकडे पडले. एक कोमट पाण्यात विरघळवून त्यांनी नळीतून नवऱ्याच्या पोटात सोडला, थेंब थेंब, घाई न करता. दुसरा हातात घेतला.

महादेवासमोर उभं राहून म्हणायची ती ओळ ओठांवर आली. ह्यांचं जे दुखणं असेल ते आधी. तिथं त्या थांबल्या. गेल्या पावसाळ्यापासून त्या रोज इथंच थांबत होत्या. पुढचे दोन शब्द जिभेला जमत नव्हते असं नाही. ते सगळ्यांत सोपे होते.

त्यांनी हात जोडले, न बोलता. मग खडा तोंडात टाकला.

घनश्यामराव बघत होते. त्यांनी हात उचलला, स्वतःच्या गालाजवळ नेला आणि भुवया वर केल्या. लग्नापासून खडा दिल्यावर ते हेच विचारायचे. गोड आहे का?

खडा जिभेवर फिरत होता. डावीकडे मनगटाची कातडी होती, तिला काही कळत नव्हतं. हेमलताबाईंनी खडा सावकाश उजवीकडे ढकलला, आणि नवऱ्याकडे बघून मान हलवली. हो. गोड आहे.